तबल्याची हातोडी

आप्पांच्या खोलीतून हातोडीचा पहिला ठोका ऐकू आला, तेव्हा मी स्वयंपाकघरात मुलांच्या पाण्याच्या बाटल्या भरत होते. काचीगुड्याच्या त्या घरात सकाळ नेहमी ठरलेल्या क्रमाने उजाडत असे. आधी आप्पांचे खाकरणे, मग नळाखाली सावकाश हात धुतल्याचा आवाज, मग सतरंजी झटकल्याचा, आणि त्यानंतर हे ठोके: एक तबल्याच्या लाकडी गट्ट्यावर, एक कातड्याच्या कडेच्या गजऱ्यावर, आणि मध्ये कान लावून ऐकण्याइतकी शांतता. तबला सुरात बसला की घर जागे झाले असे समजायचे. श्रीरंग गॅसवर खिचडी चढवायचा आणि बाजूला चिंचेचा खट्टा कालवून ठेवायचा. मिहिर उठून पहिल्यांदा बापाच्या पायांना मिठी मारायचा आणि मग दात घासायला जायचा. इरू तोपर्यंत आंघोळ करून, ओले केस पाठीवर सोडून, आजोबांसमोर बसलेली असायची.

त्या सकाळीही सारे तसेच झाले. फरक एवढाच, की दुपारच्या विमानाने मी दोन्ही मुलांना घेऊन कोल्हापूरला परतणार होते.

श्रीरंग आणि मी वेगळे होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. मी कोल्हापुरात महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि मुले माझ्याकडे होती. दिवाळी आणि मे महिना ती हैदराबादला वडिलांकडे आणि आजोबांकडे राहत. न्यायला मी यायची. पहिल्या वेळी मी हॉटेलात उतरणार म्हटल्यावर आप्पा म्हणाले होते, "सून नसशील, पण पाहुणी तरी आहेस ना? पाहुण्याला आम्ही हॉटेलात पाठवत नाही." तेव्हापासून मी त्यांच्याकडेच एक रात्र मुक्काम करत असे.

खिचडीची ताटे मांडून झाली तेव्हा मुले आत खेळत होती. आप्पांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "मृदुला, एक विचारू?"

"विचारा की."

"इरूला इथे ठेवतेस?"

श्रीरंगने माझ्याकडे पाहिले नाही. तो खट्टा ढवळत राहिला.

"तिचा हात फाटतोय गं," आप्पा म्हणाले. "आमचा बाज दोन बोटांचा. तुमच्या तिकडचे ते हुपरीकर सर पंजाने मोकळं वाजवतात. मे महिनाभर मी तिची बोटं बसवायची, जूनमध्ये त्यांनी ती उठवायची. चूक त्यांचीही नाही आणि माझीही नाही. पण पोरीला उजवा हात एकच आहे."

"आप्पा, ती दहा वर्षांची आहे."

"म्हणूनच विचारतोय. विसाव्या वर्षी, हात बसून गेल्यावर, विचारून काय उपयोग?"

"आणि मिहिर?"

"मिहिर तुझ्याजवळच राहू दे. त्याचा ताल काही वेगळाच आहे. तो कुठल्याच घराण्यात बसायचा नाही."

मला हसू आले, पण उत्तर बदलले नाही. "नाही आप्पा. शाळा आहे, मैत्रिणी आहेत. आणि भाऊ-बहीण वेगळे करायचे नाहीत."

"बरं," आप्पा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तिला एकदा विचारून बघितलं असतं—"

"आप्पा." या वेळी श्रीरंग बोलला. "ते नाही."

तो नियम आम्हा दोघांचा होता आणि आमच्यात शिल्लक राहिलेला कदाचित तेवढाच. तीन वर्षांपूर्वी न्यायालयाच्या एका खोलीत एका सौम्य बाईंनी सात वर्षांच्या इरूला मांडीवर घेऊन विचारले होते, "बाळ, तुला कुणाकडे राहायला आवडेल?" इरू काहीच बोलली नाही. बाहेर व्हरांड्यात आल्यावर ती भडाभडा ओकली आणि पुढचे कितीतरी दिवस तिचा ताप उतरला नाही. त्या आजारपणात तिच्या पलंगाच्या दोन बाजूंना बसून आम्ही ठरवले होते, की हा प्रश्न तिला पुन्हा कुणीही, कोणत्याही शब्दांत विचारायचा नाही. दोघांनीही तो शब्द पाळला होता.

"तू काहीच बोलत नाहीस," आप्पा हात धुवायला गेल्यावर मी श्रीरंगला म्हणाले.

"बोललो तर तू म्हणशील, मीच आप्पांना पढवलं."

ते खरे होते.

मग बॅगा भरायला घेतल्या. इरूचा डग्गा प्रत्येक घरी एकेक होता. पण तबला एकच, आणि तो तिच्याबरोबर ये-जा करायचा. आप्पांनी तिच्या आठव्या वाढदिवसाला दिलेला, शिसवी, लहान तोंडाचा. तो सामानात टाकायला ती कधीच तयार नसे. जाड कापडी खोळीत घालून, चुंबळीसकट, ती तो हातातल्या सामानात न्यायची. त्याबरोबरची पितळी डोक्याची छोटी हातोडी मात्र श्रीरंग दर वेळी टॉवेलात गुंडाळून मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवायचा.

"हातोडी वर नेऊ देत नाहीत," त्याने मला सांगितले. दर वेळी सांगायचा.

"माहीत आहे."

"विसरलीस तर जप्त करतील."

"श्रीरंग, तूच ठेवलीस ना आत? मग मी कशी विसरेन?"

दारात उभी राहून इरू ऐकत होती. तिच्या केसांना तेल लावायचे राहिले होते. मी तिला हाक मारली, तर म्हणाली, "तू आप्पांना भेट जा ना आधी. मी आलेच."

निघताना तिने आजोबांना वाकून नमस्कार केला. आप्पांनी तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला, तर्जनी आणि मधले बोट जरा जवळ आणले आणि म्हणाले, "एवढं सांभाळ." बाकी काही नाही. इरू मोटारीत बसली आणि विमानतळ येईपर्यंत ती दोन बोटे मांडीवर तशीच धरून होती.

श्रीरंगने आम्हाला दारापाशी सोडले. त्याने मिहिरला उचलून फिरवले, इरूच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाला, "पोचल्यावर कळव." मोठी बॅग काउंटरवर दिली, ती पट्ट्यावरून डुलत आत गेली, आणि आम्ही तपासणीच्या रांगेत उभे राहिलो.

मुलांबरोबर ती रांग पार करणे म्हणजे एक वेगळाच संसार. मिहिरचे बूट काढा, त्याच्या खिशातला माउथ ऑर्गन काढा, पाण्याच्या बाटल्या बाहेर, माझा लॅपटॉप बाहेर, तोवर मिहिरला शू लागलेली. त्यात इरूने तबला ट्रेमध्ये ठेवायला नकार दिला.

"ह्यात आत्ता कुणाचे तरी बूट होते," ती म्हणाली.

"इरू, मागे किती लोक आहेत बघ."

"आई, तबला आहे तो."

मागच्या गृहस्थांनी घड्याळ पाहिले. मी गळ्यातली ओढणी काढून ट्रेमध्ये अंथरली. मग तिने तबला दोन्ही हातांनी त्यावर ठेवला, खोळीला हात लावून कपाळाला लावला आणि बाजूला झाली.

पट्टा पुढे गेला, थांबला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. पडद्यासमोरच्या माणसाने कुणाला तरी बोलावले. मिहिरचा माउथ ऑर्गन सुटून आला, लॅपटॉप आला, बूट आले. तबला आला नाही.

गणवेशातल्या एक बाई ट्रे उचलून बाजूच्या टेबलाशी गेल्या. छातीवर नावाची पट्टी होती: जोंधळे. मी हिंदीत काही सांगू लागले, तशा त्या म्हणाल्या, "मराठीत बोला की ताई. मी उदगीरची हाय."

"मुलीचा तबला आहे. आम्ही नेहमी नेतो."

"तबला न्या ना. तबल्याला कोण नाही म्हणतंय?" त्यांनी खोळीच्या बाजूच्या कप्प्याची चेन उघडली. "पण हे काय हाय?"

टेबलावर हातोडी ठेवली होती. टॉवेल नव्हता.

क्षणभर मला वाटले की श्रीरंगच चुकला असावा. पण सकाळी टॉवेलाची ती गुंडाळी मी स्वतःच्या डोळ्यांनी बॅगेच्या तळाशी जाताना पाहिली होती.

"ही तबला लावायची हातोडी आहे," मी म्हणाले. "चुकून राहिली."

"कळतंय मला. पण हत्यारात मोडतंय ते. वर नेता येत न्हाई." त्या इरूकडे वळल्या. "तू वाजवतीस व्हय गं? एवढीशी? जरा दाखव बघू."

इरूने तबला टेबलावर चुंबळीत बसवला. उभ्यानेच, दोन बोटांनी, तिने काही बोल वाजवले. शेजारच्या रांगेतले लोक वळले. मिहिर मोठ्याने म्हणाला, "ताईला बक्षीस आहे का?" जोंधळेबाई हसल्या. "गोड हाय लेकरू," त्या म्हणाल्या, आणि मग मला, हळू आवाजात: "बाहेर कुणी आलेलं असंल तर ही देऊन या. वेळ हाय तुम्हाला. न्हाईतर इथंच सोडावी लागंल. माझ्या हातात काही न्हाई, ताई."

"चालेल. सोडून जातो," मी म्हणाले. "इरू, कोल्हापुरात दुसरी मिळेल."

"नको."

"मग बाबांना परत देऊ या. ते दिवाळीपर्यंत ठेवतील."

"नको."

"अगं, मग काय—" मी बोलता बोलता थांबले.

इरू रडत नव्हती. तबल्यावर दोन्ही तळवे ठेवून ती माझ्यामागे कुठेतरी पाहत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. वरच्या ओठावर घाम होता. हा चेहरा मी एकदाच पाहिला होता, त्या व्हरांड्यात.

"ताईनेच काढली," मिहिर म्हणाला. तो खाली बसून बूट उलट्या पायांत घालत होता. "मोठ्या बॅगेतून. तू आप्पांकडे गेलीस ना, तेव्हा. मी बघितलं. ती म्हणाली, सांगू नकोस, मग मी नाही सांगितलं."

"मिहिर," इरू म्हणाली. आवाजात राग नव्हता.

जोंधळेबाईंनी माझ्याकडे पाहिले, इरूकडे पाहिले, आणि त्या दोन पावले मागे सरल्या. पुढच्या ट्रेकडे लक्ष देत असल्यासारख्या उभ्या राहिल्या. मी इरूसमोर उकिडवी बसले.

"तुला माहीत होतं ना, हातोडी नेऊ देत नाहीत?"

तिने मान हलवली. हो.

"मग?"

"मला वाटलं, ते नाही म्हणतील."

"हातोडीला?"

"सगळ्याला. तबल्याला." ती गिळून म्हणाली, "मग तो राहिला असता. मग बाबांना न्यायला यावं लागलं असतं."

बाबांना काय न्यायला यावे लागले असते, ते तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही. मागे पट्टा चालू होता, ट्रे एकमेकांवर आपटत होते. एका अनोळखी बाईने पडद्याकडे पाहून "नाही" म्हणावे, म्हणजे आपल्याला कुणालाही काहीही म्हणावे लागणार नाही, असा हिशोब त्या मुलीने घरातून निघण्याआधी, ओल्या केसांनी, एकटीने केला होता. आणि त्या बाईंनी तबल्याला हसून परवानगी दिली होती.

माझ्या मनात आधी आले ते हेच, की इथून उठावे, हातोडी टेबलावर टाकावी, दोघांचे दोन हात धरावेत आणि विमानात जाऊन बसावे. तिला काही महिन्यांत सवय झाली असती. मुलांना होते. तिने एकदाही माझ्यापाशी तक्रार केली नसती, हेही मला माहीत होते. तेच मला सहन होईना. विचारायचे नाही असे आम्ही ठरवले होते. आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला तिला कुठेच जागा उरली नव्हती. आताही मी विचारू शकत नव्हते. विचारले असते तर ती "तुझ्याकडे" म्हणाली असती. माझ्या तोंडाकडे पाहून, लगेच म्हणाली असती.

"आई, मला शू लागली आहे," मिहिर म्हणाला.

"हो राजा, जाऊ या."

मी फोन काढला. श्रीरंगने पहिल्याच घंटीला उचलला.

"निघालास?"

"नाही. गाडीपाशीच आहे. का?"

"अजून?"

"विमान उडेपर्यंत मी थांबतो," तो म्हणाला. "नेहमीच थांबतो. काय झालं?"

"दारापाशी ये. आम्ही बाहेर येतोय."

"हातोडी राहिली का गं? मी सांगितलं होतं—"

"ये तू," मी म्हणाले.

जोंधळेबाईंनी हातोडी परत खोळीच्या कप्प्यात घातली आणि विमान कंपनीच्या एका मुलीला बोलावून घेतले. आत आलेल्या प्रवाशाला पुन्हा बाहेर जायचे तर असे कुणीतरी बरोबर लागते. वाटेत मिहिरला स्वच्छतागृहात नेऊन आणले. इरू तबला छातीशी धरून बाहेर उभी होती. मी तिच्या पाठीवरची पिशवी उघडून त्यातला मिहिरचा स्वेटर तेवढा काढून घेतला आणि माझ्या पर्समधली तिची केसांची पिवळी रिबन आणि कंगवा त्यात टाकला. तिने ते पाहिले. तिचा श्वास बदललेला मला ऐकू आला.

"इरू," मी म्हणाले, "तू बाबांबरोबर घरी जातेस. मी ठरवलंय हे. तू नाही, आप्पांनी नाही, मी."

"कोल्हापूर?"

"दिवाळीला येशील. मेमध्ये येशील. मधे मी येईन."

"तू रागावलीस?"

"नाही."

"हातोडीमुळे?"

"हातोडीमुळे नाही, कशामुळेच नाही."

तिला मला मिठी मारायची होती, पण दोन्ही हातांत तबला होता आणि तो जमिनीवर ठेवणे तिला शक्य नव्हते. मग मीच वाकून तिला तबल्यासकट जवळ घेतले. लाकूड माझ्या बरगडीला लागत होते. तिच्या केसांना तेलाचा वास नव्हता. सकाळचे ते राहूनच गेले होते.

श्रीरंग काचेच्या दारापलीकडे उभा होता. त्याने हातोडी घेण्यासाठी हात पुढे केला आणि मी तो हात इरूच्या खांद्यावर ठेवला. त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजले तेव्हा त्याने इरूकडे नव्हे, माझ्याकडे पाहिले.

"तू तिला विचारलंस?" त्याचा आवाज घाबरलेला होता.

"नाही."

"मग?"

"ठरवलं." मी इतक्या सरळ आवाजात बोलत होते, की तो माझाच आहे यावर माझा विश्वास बसेना. "तिचे कपडे मोठ्या बॅगेत गेले. मी पाठवते."

"दोन फ्रॉक आहेत घरी."

"झोपताना तिला पॅसेजमधला दिवा लागतो."

"माहीत आहे मला."

"केसांना तेल रविवारी. घट्ट वेणी घालू नकोस, डोकं दुखतं तिचं. शाळेच्या दाखल्याचं मी जूनच्या आत बघते. आणि तिने गणितात रडारड केली तर लगेच उत्तर सांगायचं नाही."

"मृदुला."

"तुला सवय आहे सांगून टाकायची, म्हणून म्हणाले."

"ताई येत नाही आपल्याबरोबर?" मिहिरने विचारले. उत्तराची वाट न पाहता त्याने आपल्या खिशात हात घातला आणि माउथ ऑर्गन बाहेर काढून इरूच्या पिशवीच्या कप्प्यात कोंबला. "माझा वाजत नाही नीट," तो म्हणाला. "आप्पांना दुरुस्त करायला सांग." मग जरा विचार करून म्हणाला, "तिच्या डब्यातला चिवडा मी खाऊ?"

"खा," इरू म्हणाली. तेव्हा कुठे ती रडायला लागली.

मी थांबले नाही. थांबले असते तर सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले असते. मिहिरचे बूट खाली बसून सुलट पायांत घातले, नाड्या बांधल्या आणि वळले. विमान कंपनीची मुलगी आमच्या पुढे चालत होती. काउंटरवर तिने यंत्रात आमची तिकिटे पुन्हा उघडली.

"तीन नावं आहेत, मॅडम," ती हिंदीत म्हणाली. "इरावती देऊसकर. त्या मागून येतायत का?"

"नाही," मी म्हणाले. "ती इथेच राहते."

तिने एक कळ दाबली. मी मिहिरचा हात धरला आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.